प्रश्नानंतरचे पाच आकडे

नमस्कार श्रोतेहो. पाठ टाचणाची वही आणि गुंडाळलेले तक्ते घेऊन लगबगीने शाळेत शिरणारे छात्राध्यापक आपल्या नाशिकमध्ये तुम्ही पाहिले असतील. दोन वर्षांच्या बी. एड. अभ्यासक्रमात त्यांना एकूण वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. मात्र टाचण कितीही सुबक असले तरी समोरचा वर्ग जांभया देऊ लागल्यावर काय करायचे, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. त्याविषयी बोलायचे, तर माझीच फजिती सांगतो.

सातपूरच्या बाजूच्या एका शाळेत, फेब्रुवारीच्या अखेरीस, माझा सरावपाठ होता. इयत्ता आठवी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास, घटक बाष्पीभवन. डब्यांतल्या लोणच्याचा वास अजून वर्गात रेंगाळत होता. मी विचारले, "माठातले पाणी गार का होते?" कोणी बोलेना. मग मीच उत्तर दिले, पुढचा प्रश्न विचारला, त्याचेही उत्तर दिले आणि मधूनमधून टेबलावर डस्टर आपटून "शांत राहा" म्हणत राहिलो. तास संपल्यावर, निरीक्षणाला बसलेल्या विज्ञानाच्या सरांकडून वही घेतली, तर तिच्यात शेरा नव्हताच. दोन ओळींत नुसत्या पेन्सिलीच्या काड्या मारलेल्या होत्या. सर म्हणाले, "तुम्ही बावीस प्रश्न विचारलेत आणि त्यांतल्या एकोणिसांची उत्तरे तुम्हीच दिलीत. मुलांनी कशाला तोंड उघडायचे? उद्या हाच प्रश्न पुन्हा विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. पाच होईपर्यंत बोलायचे नाही."

सरांचे हे म्हणणे हवेतले नव्हते. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असे दिसले. तेच शिक्षक तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. म्हणून पुन्हा सांगतो, प्रश्न विचारा आणि थांबा. वर्ग ताब्यात ठेवायला छडी उगारायची का, हा प्रश्न तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निकालात काढला आहे. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. हल्ली वर्गात मोठा पडदा लावला की मुले आपोआप रमतात, असे अनेकांना वाटते. पण तो पडदाही कोणाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माठाचा प्रश्न विचारला आणि थांबलो. एक, दोन. पंख्याची करकर ऐकू येऊ लागली. तीन. मुठीतला खडू घामाने ओला झाला. चार म्हणतो तोच मागच्या बाकावरचा, आदल्या दिवशी डोके टेकून झोपलेला मुलगा म्हणाला, "सर, मुंबईला मामाकडचा माठ एवढा गार होत नाही." मी "बरोबर" म्हणण्याचा मोह आवरला आणि पुन्हा मोजू लागलो. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "जुना माठपण गार करत नाही. आजी दर उन्हाळ्यात नवा आणते." मग मात्र वर्ग उसळला. मुंबईची हवा दमट, म्हणून तिथे बाष्पीभवन कमी. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, म्हणून तो पाझरत नाही. हे सारे मुलांनीच एकमेकांशी भांडत फळ्यापर्यंत आणले. फ्रीजच्या बाटलीने घरातून विज्ञानाचा हा एक चांगला धडा हद्दपार केला, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

घंटा झाली तेव्हा टाचणातला अर्धाच भाग झाला होता. मी घाबरतच वही उघडली. या वेळी काड्या नव्हत्या, एकच ओळ होती: "पाठ अपुरा राहिला. पुढचा तास माझा आहे, तो तुम्ही घ्या."