उड्या मारून कसलेला नट

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जानेवारी महिन्यात गाडीचालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

राजेहो, समोर पिकअपवाले बसलेत, त्यांच्या मागं काळीपिवळीवाले आणि भिंतीला टेकून ज्यांच्या घरी नुकतीच पहिली गाडी आली ते. तिघांनाही माझा एकच प्रश्न आहे. पाना नटाला लावला, पान्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या, नट आणखी तसूभर हलेना. तोच नट चाळीस किलोमीटरवर सैल निघेल का?

‘नाई निंगत,’ असं मागून आलं. बरं, ऐका.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो. लग्नसराईत आर्णीकडून यवतमाळला काळीपिवळीनं निघालो. किती माणसं कोंबली होती ते विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. गाडी हळू झाली की मागच्या डाव्या चाकातून खट्-खट् आवाज यायचा आणि वेग घेतला की आवाज दडायचा. ड्रायव्हर म्हणे, ‘भाऊ, ब्रेकचे लाइनर वाजून रायले.’ मी म्हटलं, गाडी बाजूला घे. उतरून पाहिलं तर पाच स्टडपैकी, म्हणजे नट ज्यांवर चढतात त्या बोल्टांपैकी, दोन मुळातून तुटलेले, आणि उरलेल्या तिघांचे नट बोटानं फिरत होते. रिमची भोकं लंबगोल झालेली. पोरगा रडकुंडीला आला. ‘सकाळीच पंक्चर काढलं. म्या सोता पान्यावर उभं राहून कसले न भाऊ!’

तो खोटं बोलत नव्हता. रिम मात्र लालभडक दिसत होती. लग्नाच्या भाड्यासाठी दोनच दिवसांपूर्वी त्यानं चारही रिमा रंगवल्या होत्या, आणि तेही आतून-बाहेरून. तो रंग लक्षात ठेवा.

आपल्याला वाटतं की खुंटीवर टोपी अडकवावी तसं चाक बोल्टावर टांगलेलं असतं. तसं नसतं. रिमचं सपाट तोंड आणि हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, सपाट तोंड एकमेकांवर इतक्या जोरानं दाबलेलं असतं की ती दोन तोंडं एकमेकांवर सरकूच शकत नाहीत. चाक टिकतं ते त्या पकडीवर. नट-बोल्ट फक्त दाबून धरतात.

जिनिंगमध्ये गाठ बांधताना सगळ्यांनी पाहिलंय. १७० किलो रुई प्रेसमध्ये दाबायची, भोवती पट्ट्या टाकायच्या, प्रेस सोडायचा. रुई फुगायला पाहते आणि पट्टी ताणली जाते. चाकात थोडं उलटं आहे. लोखंड रुईएवढं दबत नाही, त्यामुळे ताणला जातो तो बोल्टच. किती? जेमतेम केसाच्या जाडीएवढा. तेवढा ताणलेला बोल्ट परत आखडायला पाहतो, आणि त्या आखडण्यालाच आपण घट्ट म्हणतो. १२ मिलिमीटरचा साधा बोल्ट नीट कसला तर ढोबळ हिशेबानं चार टनांच्या आसपास दाब देतो. एकच बोल्ट, बरं का! छोट्या कारला असे चार असतात.

आता त्या गाठीत मातीचं ढेकूळ राहिलं आणि बांधल्यावर ते चिरडलं, तर पट्टी ढिली पडेल की नाही? पट्टी तीच, बांधणारा तोच. बोल्ट केसभरच ताणलेला असतो, म्हणून मधला केसभर थर चिरडला की ताण संपला. ताज्या रंगाचा थर तसा चिरडतो. गंजाचे पापुद्रे चिरडतात. आपली काळी माती तर वाळली की दगड आणि चाक फिरलं की पीठ. म्हणून स्टेपनी चढवण्याआधी हब आणि रिमची तोंडं तारेच्या ब्रशनं घासा, फडक्यानं पुसा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी पाहिलेल्या दहा पंक्चरवाल्यांत एखादाच ते करतो.

नट सैल कसे झाले ते कळलं. स्टड तुटले कसे? ते उड्यांमुळे. रबर मर्यादेत ताणलं तर परत येतं, जास्त ताणलं तर लुळं पडतं. पोलादाचंही तेच. मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट आतून मेलेला असतो, आणि वरून पाहणाऱ्याला तो घट्टच दिसतो. त्यात पकड सुटली की चाक हलायला लागतं, दर फेऱ्याला बोल्ट वाकतो आणि सरळ होतो. तार वाकवून वाकवून तोडतो तसा तो तुटतो.

मग कसायचं किती? बहुतेक छोट्या-मध्यम कारना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात आहे. ते पुस्तक डिकीतल्या पिशवीतून कधी बाहेर येत नाही, एवढाच प्रश्न. न्यूटन-मीटर म्हणजे काय ते गोणीनं सांगतो. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. नटापासून पाव मीटरवर, आडव्या पान्याला ती गोणी टांगली तर ११० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे एक गोणी पुरते. आता ७० किलोचा गडी ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तर दोनशेच्या वर. उडी मारली तर त्याहून जास्त, आणि किती ते मोजताही येणार नाही. पान्याला पाइप घालणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, ते स्वतःच मान खाली घालून बसलेत.

आटे गंजू नयेत म्हणून काही जण तिथे ग्रीस लावतात. हेतू चांगला, पण हिशेब बिघडतो. कोरडा नट कसताना शंभरातला साधारण नव्वद जोर नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतात दहा. तेलानं घर्षण थोडं जरी घटलं, तरी त्या दहाचे पंधरा-वीस होतात आणि पाना मात्र तोच आकडा दाखवतो. पुस्तकातले आकडे बहुतेक कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठीच असतात. गंज असेल तर ब्रश मारा. आटे गेले असतील तर नट-स्टड बदला.

नटाचं तोंड पाहत जा. निमुळती बाजू रिमकडे. उलटा लावलेला नट मी किती वेळा पाहिला! कसला जातो छान, पण बसतो चुकीच्या जागी. अलॉय चाकं नंतर बसवली असतील तर त्यांचे नट वेगळे असू शकतात, जुने खपवू नका. काही गाड्यांना निमुळत्याऐवजी गोल बसणीचे बोल्ट असतात. त्यांची अदलाबदल चालत नाही.

जॅकबद्दल थोडंच सांगतो. गाडी सपाट, टणक जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड, माणसं खाली उतरलेली. आपल्या रानात पावसाळ्यात जॅक लावलात तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून गाडीत एक जाड फळी ठेवा. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. काढलेलं चाक गाडीच्या काठाखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसेल. गाडीखाली हात-पाय, डोकं काहीच घालायचं नाही.

नवं चाक चढवलं की सगळे नट बोटांनी फिरवा. पान्यानं सुरुवात करू नका. आटा तिरपा धरला तर बोटाला लगेच कळतं, पान्याला कळत नाही. मग पान्यानं हलके टेकवा आणि जॅक उतरवा. शेवटची कस द्यायची ती चाक जमिनीवर टेकल्यावरच, आणि तीही शेजारून शेजारी नाही. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, कागदावर चांदणी काढतो तसं. गोल गोल गेलात तर रिम एका अंगानं आधी बसते आणि तिरपीच राहते.

पंक्चरवाला नट कसतो त्या हवेच्या गनबद्दल विचाराल. वेळ वाचतो, खरं आहे. पण तिचा जोर हवेच्या दाबावर आणि ती धरणाऱ्यावर ठरतो. गननं फक्त टेकवायला सांगा, शेवट हातानं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या आकड्याला ‘कट्’ वाजणारा पाना, एकेकानं घ्यायची गरज नाही. फवारणीचा पंप आपण मागून नेतोच, तसा गावात एक असू द्या. त्यानं नट उघडायचे नाहीत, आणि काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा. ‘कट्’ वाजलं की थांबायचं. आणखी एकदा ‘कट्’ करणारे ‘अजून थोडं’वाले असतात.

चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनं पुन्हा एकदा कस पाहा. इथून यवतमाळला जाऊन आलात की झालंच तेवढं. चाक गार होऊ द्या, नट सैल करू नका, ठरलेल्या आकड्यावर रेंच लावा आणि पाहा. मध्येच हळू वेगात खट्-खट् आली, किंवा नटाभोवती गंजाची ताजी लालसर रेघ दिसली, तर घरी पोचल्यावर पाहू म्हणायचं नाही.

इथे एक हब आणि रिम आणली आहे. रेंच ११० वर लावलाय. ज्याला वाटतं आपला हात पक्का आहे, त्यानं यावं, साध्या पान्यानं अंदाजानं एक नट कसावा. मग आपण मोजू. ये दादा, तूच ये. चप्पल काढू नको रे, वर उभं नाही राहायचंय.