नियम यांचे, मैदान शेजारच्या जिल्ह्यात : शेफिल्ड एफ.सी.ची गोष्ट

[दृश्य : ड्रॉनफिल्ड. रस्त्याकडेला 'कोच अँड हॉर्सेस' हा पब, मागे फ्लडलाइटचे खांब.]

या पबच्या मागे जे मैदान दिसतंय, ते जगातल्या सगळ्यात जुन्या फुटबॉल क्लबचं. नाव शेफिल्ड फुटबॉल क्लब. पण हे शेफिल्ड नव्हे. हे ड्रॉनफिल्ड, शहराच्या दक्षिणेला, आणि जिल्हासुद्धा वेगळा, डर्बीशायर. ज्या गावाचं नाव छातीवर, त्या गावात या क्लबला स्वतःचं मैदान नाही.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन डिव्हिजन मिळून 92 क्लब होतात. त्याखाली जे काही चालतं, ते सगळं नॉन-लीग. इथला खेळाडू दिवसा नोकरी करतो, संध्याकाळी सरावाला येतो आणि शनिवारी मॅच खेळतो. शेफिल्ड एफ.सी. या जगातला. 2007 साली तो वरून आठव्या पायरीवर पोचला, तेव्हा क्लबात आनंदीआनंद होता.

[दृश्य : जुनी चित्रं. शेफिल्डच्या भट्ट्या, धुराडी.]

आपल्याकडे 1857 म्हटलं की उठाव आठवतो. त्याच वर्षी, 24 ऑक्टोबरला, पोलाद आणि सुऱ्या-चाकूंच्या या शहरात नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी हा क्लब काढला. दोघेही क्रिकेटवाले. क्रेसविक वकील, तर प्रेस्टचा वाइनचा व्यापार. क्रिकेटचा हंगाम संपला की हिवाळ्यात अंग आखडू नये, एवढाच हेतू. पहिलं 'कार्यालय' म्हणजे एका बंगल्याच्या बागेतली कुंड्या ठेवायची शेड, आणि शेजारचं शेत हे मैदान. केंब्रिजवाले आपला क्लब 1856 चा असल्याचं सांगतात, तो वाद चालू राहील. फिफाने मान शेफिल्डला दिला आहे.

समोर खेळायला दुसरा क्लबच नव्हता. मग आपसातच दोन बाजू पाडायच्या, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे वगैरे.

[दृश्य : छापील नियमांची पुस्तिका, जवळून.]

1858 साली क्लबाने स्वतःचे नियम लिहिले. ते आज वाचताना गंमत वाटते. चेंडू हाताने ढकलायला, हाताने मारायला परवानगी, पण धरून ठेवायचा नाही. समोरच्याला हातांनी धक्का दिला तर चालेल, पण नडगीवर लाथ मारणं किंवा पाय घालून पाडणं कोणत्याही परिस्थितीत नाही. ऑफसाइडचा पत्ताच नाही. आणि एक कलम टोप्यांचं : प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशा दोन फ्लॅनेलच्या टोप्या स्वतःच्या आणायच्या, म्हणजे ज्या बाजूला पडेल त्या बाजूची टोपी घालता येईल. जर्सी नव्हत्या, तेव्हाची ही सोय.

पुढे याच नियमांतून वाढत गेलेल्या शेफिल्डच्या खेळातून कॉर्नर किक आली, आणि 1872 साली लंडनच्या फुटबॉल असोसिएशननेही ती उचलली. आज कुठल्याही गल्लीतलं पोर कॉर्नर घेतं, ते या गावाचं देणं आहे.

1860 साली शेजारी हॅलम क्लब उभा राहिला आणि 26 डिसेंबरला सँडीगेटच्या मैदानावर दोघांची पहिली गाठ पडली. मैदानावर बर्फ, त्यावर रंगीबेरंगी कपड्यांतले खेळाडू. शेफिल्डने 2-0 ने जिंकली. क्लब विरुद्ध क्लब अशी ही जगातली पहिली मॅच मानतात.

दोन वर्षांनी, 29 डिसेंबर 1862 ला, हेच दोघे शेफिल्डमधल्या ब्रॅमल लेनच्या मैदानावर मदतनिधीसाठी खेळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना आणि लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार उपाशी पडले होते. त्यांच्यासाठी हा निधी. (त्याच टंचाईवर इकडे मुंबईचे कापूस व्यापारी गब्बर होत होते, हेही लक्षात असू द्या.) मॅच धर्मादाय, पण मैदानात धर्मही नाही आणि दयाही नाही. झटापटीत हॅलमच्या वॉटरफॉलला क्रेसविकचा हात लागला. चुकून, असं सगळे म्हणाले. वॉटरफॉलने मात्र अंगातलं जाकीट काढून फेकलं आणि क्रेसविकवर धावून गेला. प्रेक्षकही आत घुसले. निकाल 0-0.

[दृश्य : लंडन, बॅटरसी पार्क.]

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन होत होती. चेंडू हातात घेऊन पळावं का, नडगीवर लाथ मारावी का, यावर तिथे खडाजंगी चालली होती. शेफिल्डचे सचिव विल्यम चेस्टरमन यांनी पत्र लिहून कळवलं : या दोन्ही गोष्टी फुटबॉलच्या विरोधात आहेत, दुसरी तर कुस्तीच वाटते. लाथांचे समर्थक अखेर बाहेर पडले आणि त्यांच्या वाटेने पुढे रग्बी गेली.

1866 च्या मार्चमध्ये शेफिल्डचा संघ लंडनशी खेळायला बॅटरसी पार्कात गेला. अकरा-अकरा जण, वेळ दीड तास. नव्वद मिनिटांची प्रथा इथून सुरू झाली असं म्हणतात. शेफिल्ड हरलं. पण त्यांनी चेंडू डोक्याने मारला तेव्हा लंडनवाले हसू लागले, अशी आठवण सांगितली जाते.

मग खेळात पैसा आला. 1885 साली खेळाडूंना पगार द्यायला अधिकृत मुभा मिळाली. गावातलेच दुसरे क्लब, शेफिल्ड वेन्सडे आणि नंतर जन्मलेला शेफिल्ड युनायटेड, व्यावसायिक झाले, मोठे झाले. शेफिल्ड एफ.सी.ने ठरवलं, आम्ही हौशीच राहणार. यात तत्त्व होतं, नाही असं नाही. पण फुकट खेळणं वकिलाला आणि कारखानदाराला परवडतं. भट्टीवरच्या कामगाराला शनिवारचा रोज बुडवून कसं परवडणार? तत्त्वाची किंमत क्लबाने मोजली हे खरं, पण ते तत्त्व खिसा भरलेल्यांचं होतं.

त्यानंतर मोठ्या नकाशावरून हे नाव पुसट होत गेलं. 1904 साली फुटबॉल असोसिएशनचा (एफ.ए.) हौशी संघांसाठीचा अमॅच्युअर कप मिळाला, अंतिम सामन्यात ईलिंगवर 3-1. 1977 साली एफ.ए. व्हास या खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी वेम्ब्लीवर पाऊल पडलं, तिथे बरोबरी झाली आणि फेरसामन्यात बिलरिके टाऊनकडून हार. दरम्यान बिऱ्हाड पाठीवर. या मैदानातून त्या मैदानात, कधी प्रचंड डॉन व्हॅली स्टेडियममध्ये, जिथे मूठभर प्रेक्षक रिकाम्या खुर्च्यांत हरवून जायचे. 2001 साली अखेर ड्रॉनफिल्डचं हे मैदान मिळालं. आणि सँडीगेट? तिथे हॅलम आजही खेळतो. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे ती त्याची.

मानसन्मान मात्र भरपूर. 2004 साली फिफाने ऑर्डर ऑफ मेरिट दिला, तो मिळवणारा दुसरा क्लब म्हणजे रेआल माद्रिद. 2007 साली दीडशे वर्षं झाली म्हणून ब्रॅमल लेनवर इटलीचा बडा क्लब इंटर मिलान खेळायला आला, बघायला खुद्द पेले. शेफिल्ड 2-5 ने हरलं. पण नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांनी इंटरला दोन गोल मारले, हे कोण विसरेल?

[दृश्य : लिलावाचा हातोडा.]

सन्मानाने वीजबिल भरत नाही. 2011 च्या जुलैमध्ये क्लबाने आपलं दप्तर सदबीजच्या लिलावात काढलं. 1858 चा हस्तलिखित मसुदा आणि छापील नियमांची उरलेली एकमेव ज्ञात प्रत त्यात होती. आले 8,81,250 पौंड. सोयी उभ्या करायला पैसा हवा होता. घरातलं सोनं विकून घर बांधायला काढावं, तसं हे.

ते घर पुन्हा शेफिल्डमध्ये व्हावं म्हणून नंतर शहराच्या दक्षिणेला, मीडोहेडला, स्टेडियमची योजना पुढे आली. एकट्याला ते झेपणारं नाही, म्हणून जोडीदार घेतला आहे : शेफिल्ड ईगल्स. हा क्लब रग्बीचा. म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्यांचा. चेस्टरमनसाहेबांनी आता कुणाला पत्र लिहावं?