लुईझियानाचा पेटीवाला

(वर्कशॉप. कानशीचा आवाज. रीडचा क्लोज-अप.)

ही जी रीडची, म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पट्टी दिसतेय ना, ती स्टीलची आहे, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. टोकाकडे कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, आपल्या पेटीत पट्टी पितळेची असते एवढंच. पण हे मिरज नाही. हे युनिस, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं भातशेतीच्या पट्ट्यातलं छोटं गाव, आणि हा हात मार्क सॅव्हॉय यांचा. 1940 चा जन्म, शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं, आणि आयुष्य गेलं अकॉर्डियन बनवण्यात आणि वाजवण्यात. घरी इंजिनिअर झालेला मुलगा आणि मुलगा मात्र पेट्या जोडत बसलाय, हा सीन आपल्याकडेही अगदीच अनोळखी नाही म्हणा.

अकॉर्डियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हिंदी ऑर्केस्ट्रातला, पियानोसारख्या पट्ट्यांचा, गळ्यात अडकवायचा मोठा वाला. हा तो नाही. हा आकाराने लहान, उजव्या हाताला फक्त दहा बटणं, डाव्या हाताला दोन, वर चार खुंट्या. आणि गंमत अशी की एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. साधारण समजून घ्यायचं तर दाबताना सा, ग, प आणि ओढताना रे, म, ध, नी. म्हणजे सरगम सरळ म्हणायची तरी भाता सारखा आत-बाहेर करावा लागतो, आणि त्यामुळेच या वाद्याला तो धक्का आहे, ती धाप आहे, वाजवणारा खांद्यापासून हलतो ते उगाच नाही. कोमल सूर जवळपास नाहीतच. जे आहे त्यात भागवायचं.

आता आतलं बघा. एका बटणामागे चार रीडप्लेट्स, प्रत्येक प्लेटला दोन पट्ट्या, एक दाबण्याची एक ओढण्याची. दहा बटणांच्या झाल्या ऐंशी. या ऐंशी पट्ट्या एकेक करून कानाने जुळवायच्या. प्लेट लाकडी ब्लॉकवर मेणाने बसवतात, मेण गरम करून कडेने ओततात, आणि पट्टीच्या पाठीमागे चामड्याची बारीक झडप, हवा उलट्या बाजूने जाऊ नये म्हणून. खोका बहुतेक मेपल नाहीतर अक्रोडाच्या लाकडाचा, रेषा दिसतील असा पॉलिश केलेला.

आणि इथे एक गोष्ट आहे जी आपल्या गवयांना फार आवडेल. पेटीचा गंधार चढा लागतो ही आपली जुनी तक्रार आहे ना? केजन, म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या, अकॉर्डियनवाल्यांची पण तीच. म्हणून ते गंधाराची पट्टी मुद्दाम घासून किंचित उतरवतात, मग दाबल्यावर सा-ग-प एकदम मिसळून येतात, थरथर नाही, खरखर नाही. ट्यूनिंग मशीनच्या मते तो सूर बेसूर आहे. मशीनचं कोण ऐकतंय.

(नकाशा. समुद्राचा मार्ग.)

हे केजन लोक मुळात कॅनडातले. आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागात, अकेडियात, राहणारे फ्रेंच शेतकरी, ज्यांना 1755 पासून इंग्रजांनी बोटींत घालून हाकललं. त्यातले बरेच पुढच्या दहा ते तीस वर्षांत लुईझियानात पोचले. येताना फिडल, म्हणजे व्हायोलिन, होतं, अकॉर्डियन नव्हता, तो एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आला. आणि हे संगीत नुसतं गोऱ्यांचं नाही हे इथेच सांगून टाकू, कारण बऱ्याच ठिकाणी ते गाळलं जातं. या रेकॉर्डचं लेबल नीट बघा. 1929 साली अमेडी आर्डोइन या क्रिओल, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातल्या, कलाकाराने अकॉर्डियन वाजवला आणि सोबत फिडलवर गोरा डेनिस मॅकगी, दोघं एकत्र, त्या काळातल्या दक्षिणेत. आजचे केजन वादक अजून त्याच जागा घेतात. अमेडीचं पुढे जे झालं ते फार वाईट झालं.

हेच डेनिस मॅकगी मार्कच्या आजोबांच्या जमिनीवर कुळ म्हणून राहिलेले. त्यामुळे मार्कच्या कानावर हे संगीत रेडिओवरून नाही, घरातूनच पडत होतं. बाराव्या वर्षी वडिलांनी सिअर्सच्या कॅटलॉगमधून होनर कंपनीचा अकॉर्डियन मागवून दिला. सिअर्स म्हणजे तेव्हाचं ॲमेझॉन समजा, पोस्टाने सगळं यायचं. पण गावातले म्हातारे ज्या वाद्यांवर जीव टाकायचे ती होनर नव्हती, ती होती युद्धाआधी जर्मनीत बनलेली मोनार्क आणि स्टर्लिंग, काळ्या रंगाची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला आणि नवीन वाद्य मिळेना. मग लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राउन यांनी लुईझियानातच अकॉर्डियन बनवायला घेतले, जुन्याचे भाग काढून, उघडून बघून. मार्कनेही तसंच केलं, 1960 च्या आसपास, विशीच्या उंबरठ्यावर. उघडायचं, बघायचं, बिघडवायचं, परत जोडायचं. आपल्या वाद्याला नाव दिलं अकेडियन.

यात एक दुसरीही गोष्ट चालू होती. 1921 च्या राज्यघटनेने लुईझियानातल्या शाळा इंग्रजीत आणल्या, शाळेत फ्रेंच बोललं की पोरांना शिक्षा व्हायची, आणि ती पोरं मोठी झाल्यावर आपल्या पोरांशी इंग्रजीच बोलायला लागली. तेलाचा पैसा आला, टेक्सासचं कंट्री म्युझिक आलं, अकॉर्डियन मागे पडला, म्हाताऱ्यांचं वाद्य झाला. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी अकॉर्डियनवादक आयरी लजूनने तो रेकॉर्डवर परत आणला, 1964 मध्ये फिडलवाला ड्यूई बाल्फा न्यूपोर्टच्या फोक फेस्टिव्हलला जाऊन वाजवून आला आणि टाळ्या घेऊन आला, तेव्हा कुठे गावात लोकांना वाटायला लागलं की हे आपलं काहीतरी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1966 ला, मार्कने युनिसच्या बाहेर हायवेला दुकान टाकलं. सॅव्हॉय म्युझिक सेंटर. पुढे दुकान, मागे वर्कशॉप.

(दुकान. शनिवार सकाळ. खुर्च्या ओढल्याचा आवाज.)

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास लोक यायला लागतात. स्टेज नाही, माइक नाही, तिकीट नाही. मध्ये अकॉर्डियन, बाजूला फिडल, गिटार, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे खुर्ची. कुणी बूदँ घेऊन येतो, म्हणजे भात आणि डुकराचं मटण भरलेलं सॉसेज, कॉफी असतेच. ऐंशीच्या घरातले आजोबा आणि बाजूला शाळेतली पोरगी, ती नुसती त्यांच्या बोटांकडे बघतेय. कुणी शिकवत नाहीये. वही नाही, नोटेशन नाही. चुकलीस तर चुकलीस, गाणं पुढे चाललंय, पुढच्या फेरीला धर. क्लास लावून जे येत नाही ते इथे बसून येतं, आणि मार्कनी जन्मभर हट्टाने जपलं ते हेच, की हे संगीत विकायचा माल होण्याआधी शेजाऱ्यांचं राहिलं पाहिजे.

नियम मात्र आहेत. त्या ट्रँगलकडे बघा. जुन्या गवत गोळा करायच्या दाताळ्याचे लोखंडी दात वाकवून बनवतात, आवाज असा की बाकी सगळं झाकून टाकेल. म्हणून एका वेळी एकच ट्रँगल. आपल्या भजनात सगळ्यांनाच टाळ हवा असतो तेव्हा काय होतं ते माहितीये, तर नियम बरोबर आहे.

गिटार घेऊन बसल्यात त्या ॲन सॅव्हॉय. त्या इथल्या नाहीत, व्हर्जिनियाच्या. 1977 मध्ये लग्न होऊन आल्या आणि मग गावोगाव म्हाताऱ्या कलाकारांकडे जाऊन गाण्यांचे फ्रेंच शब्द, आठवणी, फोटो गोळा केले, त्याचं जाडजूड पुस्तक 1984 ला निघालं. बाहेरून आलेल्या सुनेनेच घरचा दप्तरखाना सांभाळावा, असं खूपदा होतं. मार्क, ॲन आणि फिडलवर मायकल डूसे असा तिघांचा बँड जगभर फिरला. 1992 मध्ये मार्कना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, अमेरिकेत लोककलाकाराला मिळणारा हा सर्वात मोठा सरकारी सन्मान.

मुलं पण यातच. जोएल फिडल वाजवतो, त्याने वॅलकोर नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. विल्सन अकॉर्डियनवर, पाइन लीफ बॉइजमध्ये, आणि बँड कूर्बुयॉंमध्ये वेन टूप्स आणि स्टीव्ह रायलीसोबत, ज्यांच्या अल्बमला 2013 मध्ये ग्रॅमी मिळालं. घरात फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या मात्र पिढीगणिक घटली, गाणी पाठ असणारे खूप, गप्पा मारणारे थोडे.

लुईझियानातल्या लाफायेत शहरातून युनिस गाडीने साधारण तासाभरावर आहे. अकॉर्डियन येत असेल तर घेऊन जा, नसेल येत तर बूदँ घेऊन जा. ट्रँगल नेणार असाल तर आधी बघा, कुणी वाजवत बसलंय का.