लाईट गेली की हे यंत्र काय करतं?

मंडळी, सौर पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची लाईन एकत्र सांभाळणारं यंत्र हवं म्हणून दुकानात जाऊन ‘हायब्रिड इन्व्हर्टर दाखवा’ म्हटलं की दोन अगदी निराळी यंत्रं पुढ्यात येऊ शकतात, आणि दोन्हींच्या खोक्यावर हायब्रिडच छापलेलं असतं. म्हणून किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. लाईट गेली की हे यंत्र काय करतं? आणि लाईट असताना उरलेली सौर वीज कुठे जाते?

बाजारात ज्याला ‘ऑल-इन-वन’ म्हणतात त्याच्या एकाच पेटीत पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा एमपीपीटी कंट्रोलर, बॅटरीचा चार्जर, इन्व्हर्टर आणि लाईन-बॅटरी अदलाबदल करणारा रिले असतो. महावितरणकडून तो वीज घेतो, सहसा परत देत नाही. बॅटरी भरली आणि घरात काही चालू नसेल, तर पॅनेल ऊन खात नुसती बसून राहतात. दुसरा प्रकार उरलेली वीज लाईनवर सोडतो. त्याला घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा नेट मीटर लागतो, आणि लाईट गेल्यावर तो वेगळ्या बॅकअप टर्मिनलवरून ठरावीक लोड, म्हणजे त्यावर जोडलेली उपकरणं, चालवतो. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, म्हणजे पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि जास्तीत जास्त ७८,०००, ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या जाळ्याला, जोडलेल्या यंत्रणेलाच मिळतं. बॅटरीच्या खर्चाला नाही. बिनबॅटरीचा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मात्र लाईट गेली की भर दुपारी बंद पडतो. तो दोष नव्हे, खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठी तसं मुद्दाम केलेलं असतं.

माझं मत सरळ आहे. जिथे लाईट क्वचित जाते तिथे साधा ऑन-ग्रिड आणि नेट मीटर पुरे, बॅटरीत पैसे घालू नका. जिथे रोज दोन-चार तास जाते किंवा व्होल्टेज पडतं, तिथे ऑल-इन-वनचा विचार करा. पुढचं बोलणं त्याबद्दलच. काही ऑल-इन-वनच्या मेनूत ग्रिडला वीज देण्याचाही पर्याय असतो. परवानगी आणि नेट मीटर नसताना तो चालू करू नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अनेक एकमार्गी मीटर बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलंच धरतात. वीज तुम्ही द्यायची आणि बिलही तुम्हीच भरायचं!

आता क्षमता. खोक्यावर ‘५ केव्हीए’ असेल आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, ०.८ असेल, तर हाती ४ किलोवॉटच येतात. त्यात मोटर आली की हिशेब बदलतो. १ एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो, पण सुरू होताना त्याचा प्रवाह पाच-सहा पट उसळतो. ५ किलोवॉटचं यंत्र हा झटका काही सेकंद सोसतं. ३ किलोवॉटचं, त्याच वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर उठला, तर ओव्हरलोड दाखवतं. गिझर आणि इंडक्शन शेगडी या लोडवर घेऊच नका.

लोक सर्वांत जास्त चुकतात ते पॅनेलच्या व्होल्टेजमध्ये, तिथे जरा थांबू. ५ किलोवॉटच्या पुष्कळ यंत्रांवर पॅनेलसाठी १२० ते ४५० व्होल्टची कार्यकक्षा आणि कमाल ५०० व्होल्ट लिहिलेले असतात. ५४० वॉटच्या पॅनेलचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काही जोडलेलं नसतानाचं व्हीओसी, साधारण ४९.५ असतं. दहा पॅनेल एका माळेत, म्हणजे एकामागोमाग जोडून, लावली तर ४९५, म्हणजे बसतात असं वाटतं. पण तो आकडा २५ अंश तापमानाचा आहे. पॅनेल गार असलं की व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे पारा ५ अंशांवर आला की एक पॅनेल ५२ व्होल्टच्या पुढे जातं, दहांची बेरीज ५२० ओलांडते, आणि सूर्य उगवताच एमपीपीटीचा भाग जळू शकतो. वॉरंटीवाला यंत्रातली व्होल्टेजची नोंद बघून हात वर करतो. उलट टोकाला फक्त तीन पॅनेल लावली, तर एप्रिलच्या दुपारी पॅनेल ७० अंशांपर्यंत तापतं, चालू व्होल्टेज प्रत्येकी ३५ च्या आसपास येतं, तिघांचं १०५ होतं आणि यंत्र ऐन उन्हात काम सोडतं. म्हणजे या यंत्राला अशी सहा ते आठ पॅनेल एका माळेत ठीक. दुसरी माळ समांतर जोडायची तर आधी प्रवाहाची मर्यादा वाचा. एका माळेचे १३-१४ अँपिअर, दोघींचे २७-२८. यंत्र १८ अँपिअरचं असेल तर दुसऱ्या माळेचा बराच पैसा छतावरच राहतो.

बॅटरीकडे येऊ. ५ किलोवॉटचं यंत्र ४८ व्होल्टच्या बॅटरीवरच घ्यावं. बॅटरी ४४ व्होल्टपर्यंत उतरली तर पूर्ण लोडला सव्वाशे अँपिअरच्या आसपास खेचले जातात. हेच १२ व्होल्टवर करायचं म्हणजे वायर नव्हे, कांब लागेल. ४८ व्होल्टला ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, लांबी दीड मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला साधा एसी एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, एमसीबी आतून वितळतो.

१२ व्होल्ट १५० एएचच्या चार ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या शिसे-आम्लाच्या, बॅटऱ्यांत कागदावर ७.२ युनिट असतात, पण त्या अर्ध्यापर्यंतच रिकाम्या होऊ दिल्या तर टिकतात. ५१.२ व्होल्ट, १०० एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत ५.१२ युनिट आणि त्यातले चारेक रोज वापरता येतात. म्हणजे दोन्ही जवळपास सारख्याच. लिथियमला जागा कमी लागते आणि पाणी घालावं लागत नाही. मात्र सेटिंग बदललंच पाहिजे. बीएमएसशी, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या आतल्या सर्किटशी, केबल जुळत असेल तर ती जोडा. नसेल तर बॅटरी प्रकार ‘युजर’ करून १६ सेलसाठी चार्जिंग ५६ ते ५६.८ व्होल्ट आणि फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावर राखायचं व्होल्टेज, ५४ च्या आसपास ठेवा. इक्वलायझेशन, म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग, बंद करा, नाहीतर बीएमएस मध्येच बॅटरी तोडते आणि इन्व्हर्टर एरर दाखवतो. ट्यूब्युलरला चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, १५० एएचला १५ अँपिअर. फॅक्टरीत ठेवलेला आकडा बऱ्याचदा त्याच्या चौपट असतो.

माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली ‘नो-लोड’ खपत वाचा. ५ किलोवॉटचं यंत्र काहीही न चालवता ५०-६० वॉट खातं. ६० वॉट म्हणजे दिवसाला १.४४ युनिट. महाराष्ट्रात १ किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, त्यातला तिसरा हिस्सा इथेच गेला. घरी तीन पंखे, दिवे आणि वायफाय एवढंच असेल तर ५ किलोवॉटचा हव्यास धरू नका. साधा पंखा ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी ३०. तीन पंखे बदलले तर आठ तासांत एक युनिटाहून जास्त वाचतं.

गावाकडे व्होल्टेज १६०-१७० वर येत असेल तर मेनूतलं इनपुटचं सेटिंग ‘यूपीएस’ न ठेवता ‘अप्लायन्स’ करा. यूपीएस मोडमध्ये १७० च्या खाली आलं की यंत्र बॅटरीवर उडी मारतं, दिवसभर रिले टकटकत राहतो. भिंत सावलीतली, जाळीदार खिडकीजवळची निवडा. पंख्याच्या भोकातून पाल किंवा झुरळ आत गेलं की बोर्ड शॉर्ट होतो. कोकणात खारी हवा असल्यामुळे धूळ-पाणी आत न शिरू देणारं बंद पेटीचं आयपी६५ यंत्र महाग पडलं तरी तेच घ्यावं.

शेवटी न्यूट्रल. जुन्या इन्व्हर्टरच्या सवयीने वायरमन घरभर एकच न्यूट्रल ठेवतात. ऑल-इन-वनमध्ये इन्व्हर्टरवरच्या लोडचा न्यूट्रल लाईनच्या न्यूट्रलपासून वेगळा काढावा लागतो, नाहीतर गळती झाली की वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, उडत राहतो किंवा आउटपुटचा भाग जातो. बॅटरीवर असताना हा न्यूट्रल बऱ्याच यंत्रांत अर्थिंगपासून तुटलेला असतो. मग फेज फ्रिजच्या पत्र्याला टेकला तरी आरसीसीबी उडत नाही. त्याचं टेस्ट बटण दाबून खात्री करायला जाल तर तो मात्र उडेल, कारण बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच गळती करतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. म्हणून बसवून झाल्यावर मेन स्विच पाडा, यंत्र बॅटरीवर येऊ द्या आणि वायरमनला सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायला सांगा. शून्याच्या आसपास आलं तर ठीक. शंभराच्या घरात दिसलं, तर बॅटरी मोडमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले या मॉडेलमध्ये आहे का आणि तो चालू केलाय का, हे तपासल्याशिवाय बिल चुकतं करू नका.