इंजिनचं ऑइल हायड्रॉलिकच्या टाकीत नको

श्रोतेहो, नमस्कार. उलव्यापासून घोडबंदरपर्यंत भर पावसातही खोदकाम चालू असतं, म्हणून आज पोकलेन आणि जेसीबीच्या मालकांशी, ऑपरेटरांशी बोलायचं आहे. हायड्रॉलिकचा होज, म्हणजे मशिनचा हात हलवणाऱ्या दाबाच्या तेलाची नळी, फुटतो, त्या तेलाची टाकी निम्मी रिकामी होते, ऑइल आणायला कळंबोलीपर्यंत जायला वेळ नसतो. साइटवर इंजिन ऑइलचा ड्रम उभाच असतो. कुणीतरी म्हणतं, "ऑइल ते ऑइल, ओत!"

नका ओतू. आपल्याकडच्या बऱ्याच मशिनांना ४६ किंवा ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल लागतं. ४० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट असतं, ते हा नंबर सांगतो. त्याच मापात इंजिनचं १५डब्ल्यू-४० ऑइल शंभराच्या आसपास जातं. सकाळी थंड मशिनमध्ये एवढं जड तेल पंपाला ओढवत नाही. तेलात पोकळ्या तयार होतात, त्या फुटताना पंपाचा धातू टवके उडाल्यासारखा झिजतो. पंप कण्हू लागला, तर ऑपरेटरने तिथेच थांबावं.

मला जास्त धास्ती पाण्याची वाटते. इंजिन ऑइलमधली रसायनं काजळी आणि ओलावा तेलातच धरून ठेवतात. इंजिनात ते हवंच असतं. हायड्रॉलिक ऑइलने मात्र पाणी सोडायला हवं, म्हणजे ते टाकीच्या तळाशी बसतं आणि खालच्या प्लगमधून काढता येतं. पावसात मशिनचा हात उचलणाऱ्या जॅकच्या दांड्यावरचं पाणी झिजलेल्या सीलमधून आत जातं. टाकीच्या काचेत तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर थोडं पारदर्शक बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. सकाळीही तसंच गढूळ राहिलं, तर पाणी तेलातच अडकलंय.

एक गोष्ट मात्र खरी. काही कंपन्या हायड्रॉलिकसाठी १०डब्ल्यू इंजिन ऑइल स्वतःच सुचवतात. ते पातळ असतं, ४६ नंबरच्या जवळपास. म्हणून केबिनमधलं मशिनचं पुस्तक उघडा, त्यात लिहिलंय तेच भरा.

चुकीचं ऑइल आधीच गेलं असेल, तर नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. जॅक आणि होजमध्येही बरंच तेल उरतं. तेही काढा, फिल्टर बदला. आणि होज कुठे गळतोय हे हाताने कधीही चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठा धरून बघा, आणि धार लागलीच तर जखम किरकोळ दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठा.