कोळ्याचं विष, घोड्याचं रक्त

नमस्कार मंडळी. कोळ्याच्या विषावरचं औषध बनवताना घोड्याच्या तब्येतीचं काय होतं, हा आजचा विषय. तो घेणारच आहे, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, गोदाकाठी एवढी माणसं ऐकायला बसलेली रोज कुठे मिळतात.

मागच्या पावसाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या एका ताईंना हाताला कोळी चावला. हात सुजला, लाल झाला, घरचे घाबरून दवाखान्यात घेऊन गेले. साप कुणीच पाहिला नव्हता, कोळी मात्र मारून डबीत घालून आणलेला, तरी सगळ्यांचा एकच धोशा, सापाचं इंजेक्शन द्या! डॉक्टर नाही म्हणत होते, पण चार-पाच जण अंगावर गेले आणि शेवटी त्यांनी लावलं. थोड्या वेळात ताईंना थंडी भरली, अंगावर गांधी उठल्या, दम लागला. वाचल्या, पण कोळ्याने नाही एवढं त्या औषधाने छळलं.

आता बघा, आपलं सापाचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं, कोळ्यावर त्याचा उपयोग शून्य. अँटीव्हेनम म्हणजे विषावरचा उतारा: घोड्याला थोडं-थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तात त्यावर उतारा तयार होतो, तोच काढून घेतात. म्हणजे ती प्रत्येक बाटली घोड्याच्या रक्तातून निघालेली असते. इथे किती जणांनी घोडा जवळून पाहिलाय? लग्नातला धरू नका! हां, हात कमी झाले. तर माझा राग हा आहे, की त्या जनावराने सोसलेलं आपण असं वाया घालवतो.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीय, म्हणून भरभर सांगतो. ऑस्ट्रेलियात रेडबॅक कोळ्याचं अँटीव्हेनम 1956 पासून घोड्यांपासून बनतं. फनेल-वेब या तिथल्याच दुसऱ्या विषारी कोळ्याचं 1981 मध्ये आलं, ते सशांपासून. रेडबॅकच्या जातकुळीचं विष घोड्याला फार बाधतं, म्हणून अगदी थेंबाथेंबाने सुरुवात करतात. ब्राझीलमध्ये बुटांटान संस्थेत लोक्सोसेलिस कोळ्याचं विष घोड्यांना देतात, ते कातडी सडवतं आणि तांबड्या पेशी फोडतं. विषासोबत प्रतिकारशक्ती चेतवायला जे तेलकट द्रव्य टोचतात, त्यानेही गाठी, गळवं होतात. वर्षानुवर्षं हे चाललं तर यकृतात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, यकृत फुटून घोडा मरूही शकतो. शिवाय रक्त: 400 किलोच्या घोड्यातून एका वेळी साधारण 5-6 लिटर निघतं, वरचेवर काढलं की पंडुरोग ठरलेला.

उपाय आहेत हो. उतारा असतो तो प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ठेवून तांबड्या पेशी घोड्याला परत द्यायच्या, विष थोडं-थोडं अनेक जागी टोचायचं, मधे पुरेशी विश्रांती द्यायची. ब्राझीलवाले विषारीपणा काढून टाकलेलं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन वापरून बघतायत. आणि गरजच तपासा ना! 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात 224 रुग्णांवर चाचणी झाली, नेहमीच्या वेदनाशामकांसोबत रेडबॅकचं अँटीव्हेनम दिलं तरी विशेष जास्त फायदा दिसला नाही.

म्हणून माझी मागणी आपल्या सापाच्या औषधासाठीही हीच आहे, कारण घोडा तोच. सरकार खरेदी करतं तेव्हा नुसता दर बघू नये, घोड्यांची वजनं, हिमोग्लोबिन, किती वेळा रक्त काढलं आणि किती घोडे दगावले, ही नोंदवही मागावी. टेंडरमध्ये एक कलम घालायचंय फक्त. निवेदन तयार आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवलंय, जाताना सह्या करा.