रियाजाला पेटी नको

बंधूभगिनींनो, सूर नेमका लागावा म्हणून गळ्याचा रियाज कसा करावा, हा आजचा विषय आहे आणि पहिल्याच वाक्यात मी पेटीवाल्यांचा रोष ओढवून घेणार आहे: रियाजाच्या वेळी पेटी, म्हणजे हार्मोनियम, बंद ठेवावी. हसले ते सगळे गायक दिसतात.

पेटीवर माझा राग नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली, तो अतिरेकच होता. माझी तक्रार सवयीची आहे. काकड्याच्या दिवसांत पहाटेच्या गारठ्याने गळे बसलेले असतात, तरी पेटीवाला काळी चार हीच पट्टी (पेटीवरची चौथी काळी, तिलाच ‘सा’ मानून) धरतो, कारण त्याचा हात तिथेच बसलेला असतो. गायक प्रत्येक स्वरासाठी पेटीची वाट पाहतो, ती बोलली की मागून सूर पकडतो आणि त्याचा कान मात्र कधीच कामाला लागत नाही. मागे आमच्याकडे सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, ऐन रंगात पेटीचा भाता फाटला. आयुष्यभर भजन म्हणणारे आमचे बुवा अंतऱ्यावरून ध्रुवपदावर परतले ते भलत्याच षड्जावर, म्हणजे ‘सा’वर! मृदंगाची शाई, म्हणजे सुरात लावलेली काळी बाजू, मूळ षड्जच सांगत राहिल्याने चूक लपलीही नाही, आणि साउंडवाल्याने इको वाढवून आपल्या परीने गावाची अब्रू राखली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजने गात, हे मोझरीच्या या मुलखात मी सांगायला नको. खंजिरी ठेका देते, सूर गळ्यालाच सांभाळावा लागतो.

शिवाय पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने तिचा शुद्ध गांधार, म्हणजे ‘ग’, तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (स्वरांतर मोजायचे माप), म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका, चढा असतो. भूप रागात हा फरक कानाला लगेच कळतो.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत आणि पंगतही खोळंबली आहे, तेव्हा मुख्य गोष्ट घाईने सांगतो. मोबाइलवर तंबोरा लावून आपल्या गळ्याला सोसेल तो षड्ज निवडावा आणि मध्यम आवाजात, ‘आ’ म्हणत, श्वास पुरेल तोवर तो न हलता धरावा. मग खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, सावकाश उतरावे, षड्ज-पंचम-षड्ज (सा-प-सा) घोळवावे आणि त्यानंतरच ‘सारेग, रेगम’ असे पलटे, म्हणजे स्वरांचे ठरावीक गट, संथ लयीत घ्यावेत. उतरताना सूर खाली घसरतो, म्हणून अवरोहाला, म्हणजे वरून खाली येण्याला, अधिक वेळ द्यावा. पेटीला हात लावायचाच असेल तर आधी पंचम गाऊन धरावा, मग पट्टी दाबून ताडून पाहावा. आधी पट्टी दाबली की परीक्षेत उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवल्यासारखे होते. चुकलेला स्वर तिथेच रेटू नये, षड्जावर परत येऊन पुन्हा चढावे. महिला मंडळांनी पुरुषांच्या काळी एकमध्ये रियाज करण्याचा हट्ट सोडावा. बायकांचा षड्ज साधारण चार-पाच स्वर वर असतो आणि पेटीवाला कुरकुरला तरी तोच धरावा.